लुटारू जन्माला येत नाही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, सदर, नागपूर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, दोन-चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. आज मी दरोडेखोरीवर बोलणार आहे हे कळल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारले, "सर, मुलांसमोर हा विषय कशाला?" माझे उत्तर असे की मुलांसमोरच हा विषय निघाला पाहिजे. कारण जगात कोठेही लुटारूंच्या टोळ्या उभ्या राहिल्या, तर त्यांत भरती होते ती सोळा ते पंचवीस या वयाच्या मुलांची. पन्नाशीचा गृहस्थ काही नव्याने दरोडेखोर होत नाही.

हा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे, "काही माणसे जन्मतःच तशी असतात." दुसरे म्हणजे, "गरिबी हेच कारण." पहिले उत्तर खोटे आहे हे मी दाखवणार आहे. दुसरे अर्धेच खरे आहे. आपल्या शहरात लाखो गरीब माणसे राहतात. ती पहाटे उठून रिक्षा चालवतात, शिलाई मशीन चालवतात, विटा वाहतात. ती कोणाला लुटत नाहीत. मग गरिबीत आणखी काय मिसळले म्हणजे माणूस लुटारू होतो? याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. ते आपल्या नागपूरच्या इतिहासातच आहे.

सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून आपण रोज ये-जा करतो. भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा जो रेसिडेंट असे, त्याची आठवण या नावात राहिली आहे. १८०३ साली दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा इंग्रजांशी लढाईत पराभव झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. राज्याचा फार मोठा हिस्सा हातचा गेला, पण खर्च तेवढाच राहिला. मग उरलेल्या मुलखातूनच सगळी वसुली सुरू झाली. शेतसारा वाढला, नवे नवे कर बसले. सैन्याचा पगार मात्र थकला. पगार थकलेल्या शिपायांनी काय केले? ज्या रयतेचे रक्षण करायचे, तिलाच लुटून त्यांनी आपली पोटे भरली. याच सुमारास उत्तरेकडून पेंढाऱ्यांच्या धाडी येऊ लागल्या. १८११ साली पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरची वस्ती त्यांनी जाळली. विदर्भातल्या खेड्यांत आज ज्या पडक्या गढ्या दिसतात, त्यांतल्या कित्येक याच काळच्या. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की कुणबी बायकामुलांना घेऊन गढीत शिरायचा; बाहेरचे धान्य, गुरे, घर सगळे गेले असे समजायचे आणि जीव वाचवण्यासाठी लढायचे.

आता हे पेंढारी कोण होते ते पाहू. त्यांना एक जात नव्हती आणि एक धर्मही नव्हता. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. सैन्याबरोबर चालणारे हे घोडेस्वार होते, पण त्यांना पगार नसे. शत्रूचा मुलूख लुटावा आणि त्यावर जगावे, असा त्यांचा करार. उलट लुटीची परवानगी म्हणून तेच सरदाराला कर देत. म्हणजे राज्यकर्त्यांनी पगाराचे पैसे वाचवले आणि त्याऐवजी लुटीचा परवाना दिला. पुढे ती राज्ये खिळखिळी झाली, फौजा कमी झाल्या, युद्धे थांबली. पण ज्याला घोडा आणि भाला यांखेरीज दुसरा धंदा येत नाही, त्याने काय करावे हे कोणीच ठरवले नव्हते. पावसाळा संपून दसरा झाला की नर्मदेच्या खोऱ्यातून त्यांच्या टोळ्या निघत. १८१६ साली मद्रास इलाख्यातल्या गुंटूर भागात त्यांनी अवघ्या काही दिवसांत ३३९ गावे लुटली आणि १८२ माणसे मारली, अशी नोंद आहे. पुरलेला पैसा कोठे आहे हे सांगावे म्हणून हजारो लोकांचे हाल केले. लुटारूंना मी थोर ठरवणार आहे असे कोणी समजू नये. ज्याचे घर जळाले, त्याला लुटारूच्या अडचणींशी काय देणेघेणे?

पण त्यांच्या सरदारांची पुढची कहाणी ऐका. चितू हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की चितू हा मेवातकडचा जाट. दुष्काळात लहानपणीच तो एका पेंढाऱ्याला विकला गेला. आईबापांच्या हातून दुष्काळाने हिसकावून घेतलेले ते मूल होते! १८१७-१८ साली इंग्रजांनी मोठी फौज आणून पेंढाऱ्यांना चहूकडून घेरले. चितू रानोमाळ पळत राहिला आणि १८१९ साली असीरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले. करीमखान शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन देण्यात आली आणि तो तेथे शेतीवाडी करून राहिला. अमीरखानाच्या फौजेत तर हजारो पठाण व पेंढारी होते. १८१७ साली त्याच्याशी तह झाला आणि तो टोंकचा नवाब झाला. विद्यार्थी मित्रांनो, नीट विचार करा. लुटारूपण जर रक्तात असते, तर जमीन मिळताच करीमखान शेतकरी कसा झाला? आणि अमीरखानाच्या वंशजांनी टोंकला राज्यकारभार कसा केला?

इतका धडधडीत पुरावा समोर असताना राज्यकर्त्यांनी कोणता धडा घ्यावा? त्यांनी नेमका उलटा धडा घेतला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होतो, हा त्यामागचा विचार. पुढे १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याचा फास आणखी पसरला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, उचले अशा कित्येक जमातींच्या माणसांची नावे जन्मापासून पोलिसांच्या वहीत गेली. त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर परवाना लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोठ्या मुलांनी ते जरूर वाचावे.

आपल्या समाजाला या गोष्टीची वेदना वेगळी समजावून सांगायला नको. एखाद्या वस्तीचे नाव पत्त्यात आले की नोकरी देणाऱ्याचा चेहरा बदलतो, भाड्याने खोली देणारा "विचारून सांगतो" म्हणतो. हे आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. परंतु आपण स्वतः पारधी बाई दारात आली की काय करतो? लगेच दार लावून घेतो, मुलाला आत ओढतो. आपल्याविषयी जो न्याय आपल्याला खुपतो, तोच आपण दुसऱ्याला लावत असू, तर तक्रार करण्याचा आपला हक्क कमी होतो.

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. भाकरी थकली म्हणजे माणूस जसा बिघडतो, तसा न्याय थकला म्हणजेही बिघडतो. चंबळच्या खोऱ्यातले बहुतेक डाकू उपाशी घरचे नव्हते. जमिनीच्या बांधावरून भांडण, त्यात एक खून, मग त्याचा सूड. पोलीस ज्याच्याकडे पैसा त्याच्या बाजूचे, कोर्टाचा निकाल वर्षानुवर्षे नाही. अशा वाटेने माणसे बंदूक घेऊन दऱ्यांत उतरली. १९६० च्या मे महिन्यात आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारचे विनोबा भावे भिंड-मुरैना भागात पायी हिंडले आणि सुमारे वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ च्या एप्रिलात जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहरसिंग, माधोसिंग यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी शरणागती पत्करली. यांतला माधोसिंग पूर्वी सैन्यात नोकरीला होता. शरण येताना त्यांच्या अपेक्षा काय होत्या? फाशी होऊ नये, घरच्यांचे पुनर्वसन व्हावे आणि मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी. ज्यांच्या नावाने तीन राज्यांचे पोलीस जागे राहत, त्यांना शेवटी आपल्या मुलांसाठी शाळा हवी होती!

न्याय थकला की फक्त गुंडच बिघडतो असे नाही, सरळ माणूसही बिघडतो. सदरच्या उत्तरेला, जरीपटक्याच्या बाजूला, कस्तुरबा नगर ही गरीब वस्ती आहे. अक्कू यादव नावाच्या गुंडाने या वस्तीवर कित्येक वर्षे दहशत बसवली होती. खंडणी, मारहाण, स्त्रियांवर अत्याचार. तक्रार करून उपयोग होत नाही, उलट तक्रार करणाऱ्याचे नाव त्याच्यापर्यंत पोचते, असे वस्तीतल्या लोकांचे म्हणणे होते. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील जमावाने, त्यात मुख्यतः स्त्रिया होत्या, नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच त्याला ठार केले. २०१४ साली न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची सुटका केली. त्या स्त्रियांचे दुःख कोणीही समजू शकेल. पण न्यायालयाच्या खोलीत जेव्हा चाकू चालतो, तेव्हा त्या दिवशी सुरक्षित कोण झाला? गुंड मेला, पण कायद्यावरचा विश्वास त्याच्या आधीच मेला होता. न्याय वेळेवर मिळत नाही तेथे लोक तो स्वतःच्या हाताने घेऊ लागतात, आणि आज गुंडाविरुद्ध उठलेला हात उद्या निरपराधावर पडणार नाही याची हमी कोणी द्यावी?

हे आपल्याकडेच घडते असे नाही. आफ्रिकेत नायजेरियाच्या वायव्य भागात, झामफारा, कात्सिना या राज्यांत, गेली कित्येक वर्षे लुटारूंच्या टोळ्यांनी हाहाकार केला आहे. मुळात तेथे भांडण होते ते गुराखी आणि शेतकरी यांचे. गुरे नेण्याच्या जुन्या वाटांवर शेते झाली, पाणी आणि चारा कमी झाला, तंट्यांचा निवाडा करणारे कोणी उरले नाही. मग दोन्ही बाजूंनी शस्त्रे आली. पुढे तोच धंदा झाला. २०२० च्या डिसेंबरात कांकारा गावाच्या वसतिगृहातून तीनशेहून अधिक शाळकरी मुले पळवून नेण्यात आली. आठवड्याभराने ती सुटली. ज्या आईबापांनी मुलांना शिकायला पाठवले, त्यांच्या मनात ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करा. शाळा असुरक्षित झाली की मुले घरी बसतात, आणि घरी बसलेली रिकामी मुले हीच टोळ्यांची नवी भरती. असे हे दुष्टचक्र आहे.

तात्पर्य काय? लुटारू तयार होतो तो थकबाकीतून. समाजाने माणसाचे जे देणे लागते, ते थकते. मजुरी थकते, न्याय थकतो आणि मान थकतो. या तिन्हींची बाकी वाढत गेली की एके दिवशी कोणीतरी हातात शस्त्र घेऊन ती वसूल करायला निघतो. आणि दुर्दैव असे की तो ज्याने बुडवले त्याच्याकडून वसूल करत नाही, जो जवळचा आणि दुबळा असेल त्याच्याकडून करतो. भोसल्यांच्या शिपायाने राजवाडा लुटला नाही, कुणब्याचे खळे लुटले.

आता थोडे माझ्याविषयी. मी हे बोलावे की नाही याचा पुष्कळ विचार केला. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत शिकवत होतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, व्याजाची उदाहरणे तोंडी सोडवायचा. नववीत असताना त्याचे वडील आजारी पडले. घरात कर्ज झाले. मुलगा आधी आठवड्यातून दोन दिवस, मग चार दिवस गैरहजर राहू लागला. मी रोज हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे खूण करत राहिलो. पुढे नियमाप्रमाणे त्याचे नाव कमी झाले. लाल शाईची ती रेघ मीच मारली. त्याचे घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. मी एकदाही गेलो नाही.

चार वर्षांनी संध्याकाळी बाजारात तो भेटला. नवी मोटारसायकल, मागे दोन पोरे. एका भाजीवाल्याकडून तो पैसे घेत होता. भाजीवाला म्हातारा होता आणि त्याचे हात थरथरत होते. मला पाहून मुलगा खाली उतरला, अदबीने सलाम केला. मी विचारले, "काय करतोस रे आजकाल?" तो हसून म्हणाला, "वसुली करतो सर. तुम्हीच तर शिकवलं होतं व्याज काढायला."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. पुढे तो एका मारामारीच्या प्रकरणात तुरुंगात गेला असे ऐकले. त्याने जे केले त्याची जबाबदारी त्याची आहे. त्याच परिस्थितीतून आलेली दुसरी मुले आज सचोटीने पोट भरत आहेत. पण माझीही थोडी बाकी त्यात आहे. इंग्रज सरकार पारध्यांची हजेरी घेत होते ती त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी. मी मुलांची हजेरी घेत होतो ती कशासाठी? जो आला नाही, तो का आला नाही, हे जर विचारायचे नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय?

म्हणून आज मी या व्यासपीठावरून काही मागण्यासाठी उभा आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की सलग तीन दिवस मुलगा आला नाही तर चौथ्या दिवशी शाळेतून कोणीतरी त्याच्या घरी गेलेच पाहिजे, असा नियम करावा. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, घरचा कमावता आजारी पडला तर तातडीने उपयोगी पडेल असा एक लहानसा निधी ठेवावा. मुलगा शाळा सोडतो तो बहुधा काही हजार रुपयांसाठी, आणि ती रक्कम पुढे सावकाराच्या दारात उभी असते.

पालकांना माझे सांगणे असे की मुलगा घरात पैसे आणू लागला की ते कोठून आले हे विचारा. आनंदाच्या भरात आपण विचारत नाही, आणि मोहल्ल्यातला एखादा 'भाई' लग्नात मोठा आहेर घेऊन आला की त्याला पुढची खुर्ची देतो. मुले हे सगळे पाहत असतात. मास्तर सांगतात एक आणि मांडवात मान मिळतो दुसऱ्यालाच, मग मुलाने कोणाचे ऐकावे? आपल्या दुकानात, कारखान्यात पोरे कामाला असतील तर त्यांची मजुरी ठरल्या दिवशी द्या. मजुराचा मोबदला लवकर द्यावा ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती पाळणे ही पोलीस चौकीइतकीच गुंडगिरी रोखणारी गोष्ट आहे. आणि गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर साक्ष द्या. एकट्याने भीती वाटते हे खरे आहे, पण दहा जण मिळून ठाण्यावर गेले तर लिहून घ्यावेच लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला मी एकच गोष्ट सांगतो. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे 'प्रश्नचिन्ह' नावाची एक आश्रमशाळा आहे. फासेपारधी समाजातलेच मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ च्या सुमारास ती सुरू केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे जन्मतःच गुन्हेगार म्हणून लिहिली जात, त्यांची नातवंडे तेथे पाढे म्हणतात. ज्या दिवशी भीक मागणारे एखादे मूल तेथे पाटीवर स्वतःचे नाव लिहिते, त्या दिवशी १८७१ च्या त्या कायद्यातली एक ओळ खोडली जाते, असे मला वाटते.

तुमचे नावही हजेरीपत्रकात आहे. काही अडचण आली, घरी काही बिघडले, कोणी सोप्या पैशाची वाट दाखवू लागले, तर गप्प राहून गैरहजर होऊ नका. शिक्षकाला सांगा. आणि तुम्ही नाही आलात, तर या वेळी मी येईन. घर दहा मिनिटांच्या वाटेवर असो की तासाभराच्या.